पाठीतलं पाणी

नळावर हंडा भरत होता आणि माझा उजवा अंगठा आपला आपण हलायला लागला. आधी मला गंमतच वाटली. माझी तान्ही छबी पिता पिता झोपते, तोंडातून सुटलं तरी तिचे ओठ चोखतच राहतात, तसा तो हलत होता. जणू त्याला स्वतःची काही भूक होती आणि तिच्याशी माझा संबंध नव्हता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. पलीकडे दौंडच्या यार्डात शंटिंगचं इंजिन वाफ सोडत होतं, चाळीतल्या बायकांच्या बादल्या वाजत होत्या, हंडा काठाशी येत चालला होता. नळ बंद करायला हवा, असं मनात आलं. मनात आलं, पण हातापर्यंत पोचलं नाही. अंगठ्यामागून बोटं, बोटांमागून मनगट, मग दंड, जणू कुणी माझ्यातून वर वर चढत येत होतं. सरदारबीला हाक मारायला तोंड उघडलं तर साधा ‘स’ निघाला नाही. मग काहीच नाही. त्या नाहीमधून सगळ्यात आधी परत आला तो वास. कोळसा, तेल, घाम प्यालेलं चामडं. डोळे उघडले तेव्हा माझ्या नाकाशी एक भलामोठा बूट होता.

“हुंग, अजून हुंग,” सरदारबी म्हणत होती. ती आमच्या शेजारच्या खोलीतली. तिचे रशीदभाई इंजिनावर फायरमन आहेत. “आमच्या यांचा बूट हाय. मुडदासुद्धा उठून बसंल. मी रोज उठते का न्हाई?” बायका हसल्या, घाबरल्या घाबरल्याच. माझ्या मुठीत कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा कोंबला होता. फेफरं आलं की लोखंड द्यायचं हातात. मी काही विचारत होते आणि जीभ चावली गेल्यामुळे ते शब्द जाड होऊन बाहेर पडत होते. सरदारबीला कळलं. “ही बघ तुझी छबी, माझ्या कडंवर. हसतिया तुला.” मी पाहिलं. खरंच हसत होती. आदल्या सकाळी याच वेळी, याच नळावर, ती माझ्या कडेवर होती. त्या दिवशी सरदारबीनं सहज मागून घेतली म्हणून नव्हती. खाली नळाच्या फरशीवर मी पडले होते ती जागा ओली होती, काळी होती, आणि मला तिथून नजर हलवता येईना.

तसं माझं शरीर मला बरेच दिवस चकवत होतं. शिरूरला, लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात, एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. आई कुंकू लावून समोर उभी होती आणि ते कुंकू मला विटकरीच्या भुकटीसारखं दिसत होतं. उजवा डोळा मिटला की जग जुनं, डावा मिटला की नवं. दवाखान्यातून थेंब आणले, गायीचं तूप घातलं, पुढे धुकं आपोआप निवळलं आणि घाईघाईनं लग्न उरकलं. मग इथं दौंडला आल्यावर पायांखाली लोकर आली. फरशीवर चालावं आणि तळव्यांना वाटावं, सासऱ्यांचं घोंगडं अंथरलंय. मी यांना सांगितलं तर हे म्हणाले, “धनगराच्या घरात आलीस, लोकर लागायचीच पायाला.” हसले. मीही हसले. छबी झाल्यावर वन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीनं, तानुबाईंनी, यांच्या गावी, न्हावऱ्याच्या घरी, माझं बाळंतपण केलं. बाजेखाली निखारे, वर गोधडी, कढत पाण्याची आंघोळ. किती मायेनं शेकलं त्यांनी मला! आणि त्या जितकं शेकत तितके माझे पाय परक्यासारखे होत. “मेली लोण्याची हाय,” वन्सं म्हणत, “शेकली की इतळती.” आणि मान. ती गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. मान खाली वाकवली की पाठीतून एक वीज सरसरत टाचांपर्यंत उतरे. पण मांडीवरच्या मुलीकडे बघायचं तर मान वाकवावीच लागते ना. मी वाकवत असे. वीज उतरत असे. मला वाटे, आई होणं म्हणजे हेच असेल. सगळ्याच आयांना होत असेल, सांगत नसतील.

हे रेल्वेत सांधेवाले आहेत, रूळ बदलणारे. त्या दिवशी ड्यूटीवरून धावत आले ते लाल-हिरवी झेंडी काखेत तशीच घेऊन, आणि माझ्यासमोर उभे राहून झेंडी गुंडाळत-उलगडत राहिले. न्हावऱ्याला निरोप गेला. दुसऱ्याच दिवशी आबा आले.

आबा म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म मेंढरांमागं काढला. आता थोडी शेती आहे, थोडी मेंढरं आहेत, पण चालतात अजून पुढं कळप असल्यासारखेच. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी थेट असे मोजकेच बोलले असतील. मीही डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराआडूनच ‘जी’ म्हणायची. त्या दिवशी ते ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि यांना म्हणाले, “तिला म्हणावं, जरा हितं बस.” मी बसले. मग त्यांनी जे विचारलं ते विचारताना त्यांचा आवाज लहान झाला होता. “पोरी, तुझं डोस्कं बघू का? हात लावून?”

मी पदर मागं सारला. सासऱ्यासमोर उघडं डोकं, भर दुपारी, दार सताड उघडं. त्यांची बोटं माझ्या केसांत शिरली. मेंढीच्या अंगाचा, तेलकट, उबट वास. ती बोटं काहीतरी हुडकत होती. टाळूवर दाबत, कानामागं जात, पुन्हा वर येत. इतक्या हलक्या हातानं मला माझ्या आईनंही कधी चाचपलं नव्हतं. मेंढराला एक दुखणं होतं, ते यांना सांगत होते. मेंढरू एकाच अंगाला गरागरा फिरतं, पडतं, पाय झाडतं. त्याच्या डोक्यात पाण्याचा फोड झालेला असतो, आणि हाडाला एक जागा मऊ लागते. जाणता माणूस तिथं सुरी लावून पाणी काढून टाकतो. मेंढरू उठून चरायला लागतं.

“हिच्या कुठं मऊ लागंना,” आबा म्हणाले. “फोड खोल असंल.”

“आबा, ती मेंढरू हाय का?” हे एकदम चिडून म्हणाले.

“मेंढरू असतं तर मी इतका भ्यालो असतो व्हय?”

मग आबांनी दुसरं सांगितलं. अशा मेंढीपाशी कोकरू ठेवत नाहीत. ती पडली तर कोकरू खाली सापडतं, आणि तिच्या दुधातून ते पाणी पिलात उतरतं. त्याला दुसऱ्या मेंढीला लावायचं. “तानीचं पोरगं अंगावर पितंय. तिला दूध मायंदाळ हाय. छबीला न्हावऱ्याला धाडू.” ते इतक्या कळवळ्यानं म्हणाले, की भांडावं तर कुणाशी? दुष्टपणाशी भांडता येतं.

यांनी पास काढला आणि आम्ही पुण्याला गेलो. छबी, न्यायला आलेल्या वन्संबरोबर, न्हावऱ्याला गेली. ‘तुम्ही परत येईतो’ असं सगळे म्हणाले, आणि पुढचं कुणी बोललं नाही.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर गोरेपान, वयस्कर, हळू बोलणारे होते. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्लीनं रेघ ओढली. माझ्या पायाचा अंगठा वर गेला तशी त्यांनी शिकाऊ मुलांना बोलावून तो पुन्हा वर जायला लावला. मग म्हणाले, “डोळ्यापुढे कधी धुकं आलं होतं का, बाई? पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात? मान वाकवली की वीज?” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी जे जगले होते ते कुठल्या तरी पुस्तकात आधीच छापलेलं होतं. मला हलकंही वाटलं आणि लुटल्यासारखंही. निदान वीज माझी एकटीची आहे अशी माझी समजूत होती. त्यांनी मला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि पाठीच्या मणक्यांमधून सुईनं पाणी काढलं, तपासायला. नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. हा रोग आपल्याकडे फारसा दिसत नाही म्हणाले. शिरांवरचं वेष्टण जागोजागी झिजतं, कधी सुधारतं, पुन्हा झिजतं. फीट त्यात थोड्यांनाच येते. तुम्ही त्या थोड्यांतल्या. गोळी द्यायची, फिटा कमी होतील, पण येणारच नाहीत असं सांगता येत नाही. मी फक्त दुधाचं विचारलं. ते म्हणाले, “दुधात हा रोग उतरत नाही. पाजा. गोळीनं बाळ जरा पेंगुळलं तर दाखवा, इतकंच. पण एक लक्षात ठेवा. मूल घेऊन एकटं बसायचं नाही. कधीच नाही.”

मला तिथंच ठेवून घेतलं होतं; वॉर्डातल्या मोरीत उभी राहून मी दूध पिळून टाकत असे. पांढरी धार पाण्यात मिसळून जाळीकडे जाई. तिकडे न्हावऱ्याला या घटकेला वन्सं पदराखाली घेत असतील. इथं माझा पदर भिजत होता. कुणाचंच काही चुकत नव्हतं आणि तरी मला वन्संचा हेवा वाटत होता, असा की दात शिवशिवावेत.

परत आलो तेव्हा आबा आणि वन्सं खोलीवर आमची वाट बघत होते. वन्संच्या एका कडेवर त्यांचा पोरगा, दुसऱ्या कडेवर छबी. छबीनं माझ्याकडे बाजारात भेटलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मी हात पुढे केले नाहीत. आबांनी यांना विचारलं, “काय केलं डाक्टरनं?”

हे दमले होते. बूट काढता काढता म्हणाले, “पाठीतनं पाणी काढलं.”

आबा उठून उभे राहिले. “निघालं पाणी?”

“हां. निघालं की.”

“गढूळ का निवळ?”

“निवळ.”

“बिरोबा पावला!” आबांनी कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली, आधी माझ्या कपाळाला लावला, मग छबीच्या, मग यांच्या, आणि वन्संचा पोरगा तोंड वेडंवाकडं करत असताना त्याच्याही. त्यांचे डोळे भरले होते. “डोक्याचं पानी पाठीत उतरलं हुतं, म्हणून माझ्या हाताला लागलं न्हाई. शाना डाक्टर. तान्ये, दे पोर तिची तिला. आता काय भ्या न्हाई.”

मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे. दोघांनाही माहीत होतं, आणि यांच्या डोळ्यांत चक्क विनवणी होती: राहू दे ना. वन्संनी छबी माझ्या हातात ठेवली. तिनं मला हुंगलं, एक क्षण विचार केला आणि पदरात तोंड खुपसलं. मी मान वाकवली. वीज टाचांपर्यंत गेली. मी गप्प राहिले. वन्सं संध्याकाळच्या एस.टी.नं गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आबांनीही घोंगडं खांद्यावर टाकलं. हे ड्यूटीवर गेले होते. सरदारबी आपल्या कामात. आता आबा जातील, दार लोटतील, आणि या खोलीत मी आणि छबी दोघीच उरू. हेच तर मला हवं होतं, पुण्याच्या त्या मोरीत उभी असताना दुसरं काहीही नको होतं. छबी माझ्या मांडीवर स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायच्या खटपटीत होती. तो अंगठा बघता बघता मला नळाची ती ओली काळी फरशी दिसली. मी दाराआडून म्हणाले, “आबा, जाऊ नका.”

“का गं?”

“ते पाणी तपासायला काढलं होतं. फोड नव्हता. माझ्या दुधात काही नाही, ते चांगलं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. पण मी पडणार पुन्हा. कधी ते सांगता येत नाही.”

यार्डात डबे एकमेकांवर आदळले.

“मंग काल का न्हाई बोललीस?”

“काल वन्सं छबीला माझ्या हातात देत होत्या.”

आबा खाली बसल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, फोड नाही तर आहे तरी काय. मी डॉक्टरांचं सांगितलं, शिरांवरचं वेष्टण जागोजागी झिजतं. ते घोटघोट समजून घेतल्यासारखं त्यांनी स्वतःशी म्हटलं, “म्हंजी आतली लोकर झडती. चट्टं पडत्यात. मंग शीर उघडी पडती आन् दचकती.” थोड्या वेळानं म्हणाले, “कवाकवा परत येती की लोकर.”

“येते म्हणाले डॉक्टर. कधी कधी.”

आता ते म्हणतील, पोर दे. मी छबीला घट्ट धरलं होतं. इतकं घट्ट, की ती कुरकुरली. आबा म्हणाले, “तिला भूक लागलीया. पाज. मी हितं भाईर बसतो, पाठ करून. मला आत बघता येत न्हाई आन् तुला एकटीला सोडता येत न्हाई. आम्ही तळावर राखणीला बसायचो तवा एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं हूं म्हणायचं. हूं थांबलं की वळखायचं, गडी निजला. मी सांगतो. तू हूं म्हण.”

तशी ती रीत पडली. छबीची वेळ झाली की आबा उंबऱ्याबाहेर, पाठमोरे, टकळीवर लोकर कातत, मी आत, दार अर्धं लोटलेलं. मला वाटलं होतं राजाराणीच्या गोष्टी सांगतील. पण त्यांना गोष्टी येत नव्हत्या, त्यांना मेंढरंच येत होती. कुठल्या सालची कुठली मेंढी, तिची नजर कशी होती, तिनं कुणाच्या शेतात तोंड घातलं आणि शेतकऱ्यानं कोणकोणत्या शिव्या दिल्या. शिवी आली की थबकत, घसा खाकरत आणि पुढच्या शिवारात जात. मी हूं म्हणत राही. कधी हसता हसता हूं. कधी डोळ्यांत पाणी येऊन हूं; ते का यावं कळत नसे, गोळीनं मन मऊ होतं. आणि कधी कधी त्या एका अक्षराचंच मला ओझं होई. मुलीला पाजताना एक बाई गप्प बसू शकत नाही, तिचा गप्पपणा जप्त झालाय, असं वाटून राग येई. तो राग घेऊनही मी हूं म्हणे.

आणि एकदा म्हणता आलं नाही. आबा एका लंगड्या बोकडाचं सांगत होते, अंगठा हलला, मला कळलं, मी तोंड उघडलं आणि ते अक्षर घशातच राहिलं. शुद्धीवर आले तेव्हा बुटाचा वास नव्हता. लोकरीचा होता. माझं डोकं घोंगड्यावर होतं, मानेखाली आबांचा एक हात, आणि दुसऱ्या बगलेत, कोकरू धरतात तशी, पाय लोंबकळत असलेली छबी. तोंडाभोवती दूध, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. माझ्या डोक्यावरून पदर घेतलेला होता. मी तर तो घेतला नव्हता. आबा भिंतीकडे बघत होते. म्हणाले, “झालं. काय न्हाई झालं.”

वन्संना कळलं तशा त्या आल्या, पोरगा कडेवर, तोंड सुटलेलं. “बघा! मी म्हणत नव्हते? पाजता पाजताच पडली का न्हाई? आणा ती पोर हिकडं.”

“पडली,” आबा म्हणाले. “आन् पोर माझ्या हातात हुती.”

“तुम्ही काय जन्मभर हितं बसणार का?”

“अंगावर पितीया तवर तरी बसतो. पुढचं पुढं.”

“आन् मेंढरं?”

“तू बघ.”

वन्सं कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. “आबा, उभ्या जन्मात माझ्या आईशी एवढं बोलला न्हाईत तुम्ही. ती बिचारी गेली तुमचं तोंड कवा उघडंल त्याची वाट बघत. आन् सुनंला गोष्टी!” आणि त्याच दमात त्या माझ्यावर ओरडल्या, “आन् तू गं, लोण्याची! खातीस का न्हाई काही?” मग बसल्या, आपल्या पोराला एकीकडे आणि छबीला दुसरीकडे घेतलं, आणि छबी पोटभर प्याली. मी समोर बसून बघितलं. दात शिवशिवले, पण थोडेच. जाताना वन्सं आपल्या पोरालाच घेऊन एस.टी.त चढल्या, आणि खिडकीतून शेवटपर्यंत आबांना मेंढरांबद्दल काहीबाही विचारत राहिल्या.

आज दुपारी आबा नदीचं सांगत होते. भीमेला पाणी होतं, कळप अल्याडच्या काठाला, आणि पुढचा एडका पाण्यात पाय घालीना. “मी म्होरं शिरलो,” ते म्हणाले, “पानी कमरंला. मागं बघतो तर एडका माज्याकडं बघतोय, मी याड्यावानी त्येच्याकडं. हाका मारून घसा बसला. मंग एक मेंढी...” मी हूं म्हटलं. पुढं काही आलं नाही. मी थांबले. टकळी घरंगळत उंबऱ्याला येऊन टेकली. दाराच्या फटीतून आबांची पाठ दिसत होती, मान छातीवर, आणि मग एक बारीकसं घोरणं. राखणदार निजला होता.

खोलीत मी आणि छबी. ती पीत होती, एक हात वर करून माझ्या मंगळसूत्राची वाटी फिरवत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बोलायचं नव्हतं, हूं म्हणायचं नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं. तिचा घोट गिळल्याचा आवाज येत होता. तो मी विसरलेच होते, आबांच्या मेंढरांच्या गर्दीत तो बुडून गेला होता. क्ळुक. मग श्वास. मग क्ळुक. मी मान वाकवली आणि वीज गेली तर जाऊ दिली. तिच्या पापण्या मिटत आल्या होत्या. हे असं थोडा वेळ राहिलं तर कुणाचं काय जाईल? उजव्या हाताकडे बघितलं. तो तिच्या डोक्याखाली शांत होता. तो माझा होता, आत्ता तरी. मला वाटलं असंच बसावं, अजून एक घोट, अजून एक. तो घोट मी घेऊ दिला. पुढचाही घेऊ दिला.

मग मी दाराकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, “हूं!”

आबा दचकले. घसा खाकरला, हातानं टकळी चाचपडली, आणि जराही न अडखळता पुढं सांगायला लागले, “...तर मंग पल्याडच्या काठाला समदी अंग झाडत हुबी, आन् ऊन असं पडलेलं...”

कळप नदी कसा उतरला, ते मी विचारलं नाही. हूं म्हणाले.